झोपलेलं रॉकेल

बा, परवा माझ्या वर्गात रॉकेलचा जाळ धावला. हा तुझा शब्द, म्हणून तोच लिहिते. पुस्तकात त्याला ज्वालेचा प्रसार म्हणतात, आणि तळासरीच्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना मी इतकी वर्षं तेच शिकवत आले, फळ्यावर छान अक्षरात लिहून, खाली रेघ मारून. पण परवा बशीतला जाळ या कडेपासून त्या कडेला गेला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बघा, धावला!" पोरं फिदीफिदी हसली. मला मात्र एकदम तू दिसलास. हाताला ओला चिखल थापलेला, शेठसमोर उभा, आणि पुन्हा पुन्हा एकच सांगतोयस, "शेठ, मी नाय पेटवला. जाळ धावला." तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतास तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यातच तू म्हणाला असतास, "पोरी, मुद्द्याचं बोल." बोलते. पण तुझीच पोर आहे ना, तुझ्या इंजिनासारखी, आधी तापल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

ते इंजिन आठवतंय तुला? काय विचारते मी, तुला दुसरं काय आठवणार! भाताचे दिवस संपले की आपण रानशेतच्या पाड्यावरून डहाणूला शेठच्या चिकूवाडीत यायचो आणि विहिरीमागच्या खोलीत राहायचो, पार पाऊस तोंडावर येईपर्यंत. विहिरीवर विजेचा पंप होता, पण वीज असली तर. ती गेली की सगळी वाडी तुझ्या नावाने हाका मारायची, कारण पत्र्याच्या शेडमधलं ते म्हातारं इंजिन दुसऱ्या कुणाला दादच देत नव्हतं. 'इंजिनवाला' हेच तुझं नाव पडलं होतं. इंजिन सुरू व्हायचं पेट्रोलवर आणि मग चालायचं रॉकेलवर, कारण रॉकेल स्वस्त. पण लगेच रॉकेल दिलं की ते खोकायचं, पांढरा धूर ओकायचं आणि बंद पडायचं. तू थांबायचास. धडधडत्या लोखंडावर तळहात टेकवून बघायचास, एकदा, दोनदा, आणि चटका बसला की पेट्रोल बंद करून रॉकेलचा कॉक फिरवायचास. आवाज बदलायचा, जाड व्हायचा. "आता जागं झालं," तू म्हणायचास.

रॉकेल झोपतं आणि जागं होतं, हे मला शाळेच्या कितीतरी आधी तू शिकवलंस. थंडीतली पहाट आहे, मी आईचं लुगडं पांघरून शेडच्या उंबऱ्यावर बसलेय. तू डब्याच्या झाकणात थोडं रॉकेल ओततोस, काडी पेटवतोस आणि पेटती काडी सरळ त्यात बुडवतोस. मी डोळे घट्ट मिटून घेते. छस्स! काडी विझलेली. "बघ, झोपलंय अजून. थंडीत कोण उठतो?" मी "परत, परत" म्हणते, तू परत करतोस, आणि विझलेल्या काड्या माझ्या ओंजळीत टाकतोस. त्या काड्यांची मी घरं बांधायची. एकदा मात्र मीच शहाणपणा करून पेट्रोलची बाटली उचलली होती, तेच करून बघायला. तू अशी थप्पड मारलीस की कानात पाखरं ओरडली. मग स्वतःच घाबरून मला पोटाशी धरलंस आणि म्हणालास, "त्याच्या नादाला लागायचं नाय. ते झोपतच नाय." त्या एका थपडेवर मी आजवर किती पोरांना ज्वालाग्राही पदार्थ शिकवले असतील, तुला कल्पना नाही.

आता त्या मे महिन्याकडे यावंच लागेल. शेठच्या मुलीचं लग्न वाडीतच होतं, विहिरीच्या पलीकडे मांडव पडला होता. सकाळपासून वीज गेलेली, टाक्या कोरड्या, आचारी पाण्यासाठी बोंबलतोय. तू इंजिन नेहमी पहाटे नाहीतर संध्याकाळी चालवायचास. भर दुपारी, तेही मे महिन्यात, त्या दिवशी पहिल्यांदाच. मी आणि आई तुझी भाकरी घेऊन येत होतो आणि झाडांच्या वर काळा धूर दिसला. आई धावली, मी तिच्या मागे. आम्ही पोचेपर्यंत शेडचा पत्रा वाकला होता, कडेची चिकूची झाडं होरपळली होती, आणि तू विहिरीच्या चिखलात हात खुपसून बसला होतास.

काय झालं ते तू त्या दिवशी इतक्या वेळा सांगितलंस की मला पाठ आहे. तू डब्यातून टाकीत रॉकेल भरलंस, नेहमीसारखंच थोडं जमिनीवर सांडलं. सांडलेल्या रॉकेलला तू कधी भ्यायला नाहीस. एखादी ठिणगी पडलीच तर जाळ आळसावल्यासारखा कडेकडेने सरकायचा, तू ओलं पोतं टाकायचास, काम संपलं. त्या दिवशी हँडल फिरवल्याबरोबर इंजिनाने फटाका मारला, ठिणगी सांडलेल्या तेलावर पडली, तू पोत्याकडे वळलास. वळलास तेवढ्यात जाळ दारातल्या डब्यापर्यंत गेलेला होता. मांडवाकडे जाऊ नये म्हणून तू पेटता डबा हाताने उलट्या बाजूला ओढलास. हात त्याच्यात पोळला, तो कायमचा आखडला.

शेठ वाईट माणूस नव्हता, हे तूच मला नंतर सांगायचास. पण पोरीच्या लग्नाच्या दिवशी आग म्हणजे अपशकुन, चारचौघे जमलेले, कुणावर तरी खापर फोडायलाच हवं होतं. आणि त्याने जे विचारलं ते तसं बिनतोड होतं. "अरे, तेच इंजिन, तेच रॉकेल, तूच चालवणारा. इतकी वर्षं नाही धावला, आणि आजच कसा धावला? बिडी ओढत होतास, कबूल कर." तुझ्या खिशातून बिड्यांचं बंडल डोकावत होतं, सगळ्यांना दिसत होतं. तू म्हणालास, "नाय शेठ. बिडी मी आंब्याखाली बसून ओढतो, तुमाला म्हायतीय." मग म्हणालास, "डबा लय तापलेला होता. उचलला तेव्हाच चटका बसला." त्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. "मे महिन्यात डबा तापणार नाही तर काय गार पडणार?" बस्स. तेच रॉकेल आज वेगळं का वागलं, याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. तुझ्याकडेच काय, तिथे कुणाकडेच नव्हतं, पण गुन्हेगार तेवढा तू ठरलास. संध्याकाळी आपण खोली रिकामी केली. आईने चुलीवरची आमटी तशीच भांड्यासकट डोक्यावर घेतली होती.

त्यानंतर तुझं आगीतून फुफाट्यात असंच झालं. जीप पकडून कासाला जायचं, मिळेल तिथे गवताच्या गाड्या भरायच्या, आणि तिथेही कुणीतरी ओळखीचा निघायचाच. "काय इंजिनवाले, धावला का जाळ?" बाजारात, लग्नात, हळदीत, तेच. तू हसायचास. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा थंडीत मी तुला काडी विझवून दाखव म्हटलं, तर म्हणालास, "काड्या महाग झाल्या." आणि ते रॉकेलच्या बाटलीचं भांडण! उन्हाळा लागला की तू घरातली रॉकेलची बाटली उचलून पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचास, वर ओलं फडकं. आई कावायची, "पाण्याला वास मारतो, कपाळकरंट्या! रॉकेल काय सरबत हाय का, गार करून प्यायला?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली माठापाशी. मला तेव्हा वाटायचं, आगीने तुला भित्रा केला.

आणि मग कासाच्या दवाखान्यातली ती दुपार. तुला धड श्वास घेता येत नव्हता. मी नुकतीच नोकरीला लागले होते, तुला बरं वाटावं म्हणून उगाच शेठचा विषय काढला, म्हटलं, तो काय बोलला ते विसर आता, तुझी चूक नव्हती. तू छताकडे बघत म्हणालास, "असंल बिडी. इतके लोक म्हणतात तर असंल. मानसाला सगळं थोडंच आठवतं." बा, मला त्याचा फार त्रास झाला. शेठने तुला खोटं पाडलं ते मी समजू शकते, त्याच्या दारात आग लागली होती. पण शेवटी तूही त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिलास. तू गेलास त्याचं दुःख एक आणि हे एक, आणि दुसरं पहिल्यापेक्षा कमी नव्हतं.

तर परवाचं. माझ्या वर्गात झरी गावची एक मुलगी आहे. बारकी, तोंडाने फटकळ, पहिल्या बाकावर बसून मला भंडावून सोडते. तिचा काका हायवेला टँकर चालवतो. ती उठून म्हणाली, "मॅडम, काका म्हणतो थंडीत डिझेल सांडलं तर घाबरायचं नाय, पण उन्हाळ्यात सांडलं तर आधी पळायचं. असं कसं? तेल तर तेच ना?" तेल तर तेच ना! बा, माझ्या हातातला खडू तिथेच थांबला. हाच प्रश्न मी शेठच्या तोंडून ऐकला होता, तुझ्या शेजारी उभी राहून, आईचा पदर धरून. आणि याचं उत्तर मला येत होतं. किती वर्षं येत होतं! इंधनाच्या वाफेचं आणि हवेचं मिश्रण जितकं तापलेलं, तितका ज्वालेचा वेग जास्त, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. कप्पाळ माझं, ते वाक्य तुझ्या शेडपर्यंत कधी नेलंच नाही.

आता रॉकेल कुठे मिळतं? रेशनवरचं तर कधीच बंद झालं. पण आमच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, त्यासाठी जादा बाटली असते, तिच्यातलं थोडं काढलं. एक बशी बर्फावर ठेवली, एक बाहेर पत्र्यावर उन्हात. गार बशीत पेटती काडी बुडवली. छस्स. पोरं "ओ!" म्हणाली. मग वाळूची बादली जवळ घेऊन, सगळ्यांना मागे सारून, तापलेल्या बशीच्या एका कडेला लांब काडी नेली. काडी तेलाला लागलीसुद्धा नव्हती. जाळ पलीकडच्या कडेला पोचलेला.

तुला समजेल असं सांगते, म्हणजे तुझ्याच भाषेत. रॉकेल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, हवेत मिसळलेली. तेल गार असलं की वर वाफ नसल्यातच जमा. जाळाला पुढे सरकायचं तर आधी पुढचं तेल तापवावं लागतं, त्याची वाफ काढावी लागते, मग एक पाऊल. म्हणून तो कडेकडेने रांगतो आणि तुला पोतं टाकायला वेळ मिळतो. पण तेल आधीच तापलेलं असलं तर वाफ आणि हवा एकमेकांत मिसळून वर तयारच बसलेली असतात. जाळाला काही तापवायचं उरत नाही, आणि गरम मिश्रण पेटतंही झपाट्याने. मग तो रांगत नाही. धावतो. इंजिनाच्या आत तू ज्या घडीची हात टेकवून वाट बघायचास, ती घडी त्या दिवशी बाहेर डब्यातच येऊन गेली होती. रॉकेल जागं होतं, बा. तू चटका बसला असं सांगितलंस, म्हणजे सगळं सांगितलंस, फक्त त्याचा अर्थ तिथे कुणाला लागला नाही. तुलाही नाही. नाहीतर कदाचित नंतर लागला असेल, म्हणून ती बाटली माठाजवळ. हे मला आता कोण सांगणार?

मग मला स्वस्थ बसवेना. काल रविवारी दोन बश्या, एक थाळी, बाटली आणि डालड्याच्या जुन्या डब्यात वाळू घेऊन मी डहाणूला गेले. वाडीत आता मुंबईचे पाहुणे राहायला येतात, आणि तुझी शेड होती तिथे निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव झालाय, हसू नकोस. शेठ ऐंशीच्या पुढचे, ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसलेले. म्हटलं, ओळखलंत का? निरखून बघत म्हणाले, "इंजिनवाल्याची पोर ना तू? डोळे तेच." मी त्यांच्या सुनेकडे बर्फ मागितला आणि म्हटलं, नसेल तर ही बशी जरा फ्रीजमध्ये ठेवता का. ती वास घेऊन म्हणाली, "अहो नको हो, आइस्क्रीमला वास लागेल!" मला आईच आठवली. बर्फ मिळाला. दुसरी बशी मी अंगणात उन्हात ठेवली आणि चहा होईपर्यंत आम्ही चिकूच्या भावाबद्दल बोललो.

गार बशीत काडी त्यांनी स्वतःच्या हाताने बुडवली. "अरे, हे तो करायचा. माझ्या मुलांना पण दाखवलेलं त्याने," म्हणाले. मग मी उन्हातली बशी त्यांच्यासमोर आणली, त्यांना म्हटलं, पाय वर घ्या, आणि लांब काडी लावली. जाळ या कडेचा त्या कडेला गेला. मी वरून थाळी पालथी घातली. शेठनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मी म्हटलं, "तेच रॉकेल, शेठ. याच बाटलीतलं. तुम्ही विचारलं होतं ना, आजच कसा धावला? ते सांगायला आले. बिडी नव्हती." त्यांनी वाकून थाळीला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "डबा शेडमध्येच असायचा. कोपऱ्यात, ओल्या वाळूत अर्धा पुरलेला. मीच त्याला म्हटलं, पाहुणे येणार, रॉकेलचा वास सुटतो, काढ तो डबा बाहेर. मागे पत्र्याला लावून ठेवला त्याने. सकाळपासून उन्हात." त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. "त्याने हे का नाही सांगितलं मला? चारचौघांत म्हणायचं ना, तुम्हीच ठेवायला लावला!"

"त्याला तरी कुठे ठाऊक होतं की तेच कारण आहे?" मी म्हटलं. "त्याला चटका बसला, तेवढं त्याने सांगितलं."

"हो. म्हणाला होता. डबा लय तापलेला होता, म्हणाला होता," शेठ म्हणाले, अगदी तुझ्यासारखं. "खरं बोलत होता तो." मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, बा. म्हातारे हात. "त्याला म्हणायला पाहिजे होतं. आता तुलाच म्हणतो. चुकलं माझं." सून दारात ट्रे घेऊन तशीच उभी. आणि मी, जी इतकी वर्षं मनातल्या मनात या माणसाशी कडाकडा भांडत आले, ती चटकन पुढे होऊन त्यांचे हात धरून म्हणाले, "असू द्या, शेठ."

परतीच्या जीपमध्ये बश्या पिशवीत किणकिणत होत्या, पिशवीला रॉकेलचा वास येत होता, शेजारची बाई नाक मुरडून दुसरीकडे सरकली. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटलं थोडं. तुझा शब्द खरा ठरला, आणि ज्याने तो खोटा पाडला त्याच्याच तोंडून खरा ठरला, हे काही थोडंथोडकं नाही. उद्या तू समोर असतास तर मी तुझा तो आखडलेला हात धरून ओरडून सांगितलं असतं, बिडी नव्हती, बिडी नव्हती, बिडी नव्हती! झरीच्या त्या पोरीलाही मी सांगणार आहे, तिच्या काकाचं बरोबर आहे म्हणून. पण तळासरी येईपर्यंत एक गोष्ट टोचत राहिली, आणि ती लिहायलाच मी हे कागद घेऊन बसले.

हे पाठवायचं कुठे? घडी करून पर्समध्ये राहील आणि एक दिवस बाजाराच्या पिशवीत चुरगळेल. म्हणून कबूल करून टाकते. हात पोळला तुझा, खोली गेली तुझी, बाजारात हसले ते तुला. ती माफी तुझी होती, बा, आणि तुला न विचारता मी 'असू द्या' म्हणून मोकळी झाले. तू काय म्हणाला असतास, ते मला खरंच ठाऊक नाही.